पाऊस थांबला, पण डोंगर अजून चालू आहे

रात्रभर धो धो कोसळून सकाळी ऊन पडलं की ट्रेकच्या ग्रुपवर मेसेज येतोच, "थांबलाय रे, निघूया का?" आमच्याकडे हा मेसेज सम्याचा असतो. त्याच्या मते पाऊस थांबला की विषय संपला. मी म्हणतो बाबा, ढगातलं पाणी संपलंय, डोंगराच्या पोटातलं अजून वाटेत आहे.

म्हणजे काय ते कड्याखालून जाताना सरळ दिसतं. मावळात विसापूरला वगैरे गेलात तर धबधब्यासोबत रील काढून झालं की जरा शेजारचा कोरडा वाटणारा कडा बघा, बऱ्याचदा पाणी वाटेल तिथून पाझरत नसतं, एकाच उंचीवर ओळीनं पाझरत असतं आणि त्या ओळीवर शेवाळ आणि नेचे उगवलेले असतात. सह्याद्री म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. काळ्या कठीण दगडाला उभ्या भेगा असतात, त्यातून पाणी खाली उतरतं, पण दोन थरांच्या मधे कधी कधी लालसर मातकट पट्टा लागतो, त्यात चिकणमाती भरपूर, मग पाण्याला खाली जाता येत नाही आणि ते आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. गडांवरच्या काही टाक्यांना उन्हाळ्यातही पाणी असतं ते अशाच पाझरांमुळे.

आता हेच पाणी कड्याखालच्या उतारावर, जिथे दगडगोट्यांवर मातीचा जाड थर साचलाय, तिथे शिरलं की गडबड. माती उतारावर टिकते ती कण एकमेकांना घट्ट टेकून असतात म्हणून. मधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ते पाणी कणांना आतून ढकलतं, पकड सैल होते, वर ओल्या मातीचं वजन वेगळंच. आणि पाणी खोलवर पोचायला वेळ लागतो, कधी काही तास, कधी दिवस, त्यामुळे दरड ऊन पडल्यावरही येऊ शकते. 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हा महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिमी पाऊस पडला होता. 2023 च्या जुलैत दरड आली त्या इर्शाळवाडीतूनच तर इर्शाळगडाची वाट जायची.

म्हणून मी सम्याला थांबवून फालतू वाटणाऱ्या गोष्टी दाखवत बसतो. नितळ वाहणारा झरा अचानक गढूळ झालाय का, वाटेच्या वरच्या अंगाला ताजी भेग आहे का, झाडं एकाच बाजूला कलायला लागलीत का. यातलं एक जरी दिसलं तरी तिथे डबा उघडायचा नाही, मागे फिरायचं. झाडाखाली बसायचीही घाई नको, भिजलेल्या मातीत मुळं सैल झालेली असतात, वारा नसतानाही झाड आडवं होतं.

ओढ्याचं गणित वेगळं. आपल्याकडचे ओढे छोटे, जसे पटकन चढतात तसे पटकन उतरतातही. पण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणी आहे म्हणून हात धरून घुसणं हा शुद्ध वेडेपणा आहे, दोघं असलो तर दोघंही जातो. आम्ही काठावर पाण्याच्या पातळीला एक दगड ठेवतो आणि बसतो. तासाभरात पाणी दगडापासून बरंच मागे हटलं तर ओढा उतरतोय, तरी तळ दिसेपर्यंत पाय टाकायचा नाही. पाणी जैसे थे असेल किंवा त्यात नवीन पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या तर वर पठारावर अजून पडतोय, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. अशा वेळी सम्या कितीही कुरकुरला तरी खाली गावात येऊन पिठलं-भाकरी.