महाधमनी शल्यचिकित्सा आणि संशोधन

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून निघून छातीत काठीच्या मुठीसारखे वळण घेत पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती फुगली म्हणजे ॲन्युरिझम, तिच्या भिंतीचे थर सुटले म्हणजे डिसेक्शन. हृदयाच्या शल्यचिकित्सकांत बायपास करणारे पुष्कळ. महाधमनीत रमणारे थोडे, आणि त्यांतले जे टिकतात ते बहुधा वही ठेवणारे असतात. कापावे कसे, हे गुरूकडून शिकता येते. कापावे कधी, याचे उत्तर नोंदींतून शोधावे लागते.

चढत्या महाधमनीचा, म्हणजे हृदयातून वर जाणाऱ्या पहिल्या भागाचा, व्यास एरवी ३ ते ३.५ सेंमी. असतो. तो ५.५ सेंमी. झाला की शस्त्रक्रिया, मार्फान या आनुवंशिक आजारात त्याआधीच, असा दंडक पडला. डिसेक्शनच्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ साली सुरू झाली आणि तिने या दंडकालाच धक्का दिला: चढत्या महाधमनीचे थर सुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे माप ५.५च्या आतच भरले. थर सुटताना धमनी आणखी फुगते, म्हणजे आदल्या दिवशी माप याहूनही कमी असणार. २०२२च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच अनुभवी केंद्रांना ५ सेंमी.ची मुभा आहे.

बिघडलेला भाग कापून त्याजागी बसवायच्या बदली नळीची कथा शिवणयंत्रापासून सुरू होते. ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक मायकेल डीबेकी यांना नायलॉन हवे होते, दुकानात ते संपलेले; मिळाले ते डेक्रॉन, एक पॉलिएस्टर कापड, त्यांनी घरी शिवले. २००६ मध्ये, ९७व्या वर्षी, त्यांच्यावरच डिसेक्शनची शस्त्रक्रिया झाली. झडपेसह महाधमनीचा हृदयालगतचा मुळाचा भाग बदलण्याची बेंटॉल पद्धत १९६८ची, झडप राखणारी टायरोन डेव्हिड यांची १९९२ची.

महाधमनीच्या कमानीवर, म्हणजे छातीतल्या वळणावर, काम करताना शरीर वीसेक अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात, डोक्याभोवती बर्फ लावतात आणि रक्ताभिसरण थांबल्यापासूनची मिनिटे मोजत राहतात. थर सुटलेली भिंत शिवणे म्हणजे भिजलेल्या पापडाला टाके घालणे. टाका चिरू नये म्हणून फेल्टच्या पट्ट्या लावतात. कापलेला बोटभर तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. पुष्कळसे संशोधन या बाटलीपाशीच सुरू होते: मधल्या थराचे लवचिक तंतू कशाने तुटले, रक्तदाबाने की जनुकाने? मार्फानचे जनुक १९९१ मध्ये हाती लागले. आपल्याकडे तरुण स्त्रियांत ताकायासू धमनीदाहही ध्यानात ठेवावा लागतो.

अशा कामाला लागणारे शेजार पुण्यात आहेत: ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, लष्कराचे हृदय-छाती रुग्णालय, पाषाणला पॉलिमरांवर काम करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. अडचण वेळेची. एमबीबीएस, एमएस, एमसीएच यांतच अकरा-बारा वर्षे जातात. संशोधन उरते रात्रीवर. आणि रात्रीच साताऱ्या-सोलापूरकडून पाठीत फाटल्यासारखी कळ आलेला रुग्ण येतो. चढत्या भागाचे थर सुटले असतील, तर उपचारांविना पहिल्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका तासाला १ ते २ टक्क्यांनी वाढतो. वाटेत कुणी हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारे औषध दिले असेल, तर टाक्याटाक्यातून रक्त झिरपते.

संशोधनाला नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळते, २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणीही आहे. पण सहा महिन्यांनी सीटीला या म्हणून सांगितलेला ऊसतोड कामगार तोवर हंगामाला गेलेला असतो, आणि वहीतला तेवढा रकाना कोरा राहतो.