गुणसंवर्धित दूध (बालपोषण)

दुधात मुळात अल्प असलेली किंवा प्रक्रियेत निघून गेलेली जीवनसत्त्वे व खनिजे ठरावीक प्रमाणात मिसळून तयार केलेले दूध. ‘फोर्टिफाइड दूध’ हे नावही रूढ आहे. साय काढताना गेलेले अ जीवनसत्त्व परत घालणे ही भरपाई असते. लोह घालणे ही मात्र नवी भर, कारण दुधात ते जवळजवळ नसतेच.

दुधाला पूर्णान्न म्हणण्याचा प्रघात लहान मुलांच्या बाबतीत घातक ठरू शकतो. गाईच्या १ लिटर दुधात सुमारे ०·५ मिग्रॅ. लोह असते, १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ७ मिग्रॅ. लागते. म्हणजे अर्धा लिटर दूध पिणाऱ्या मुलाला त्यातून पाव मिलिग्रॅम मिळते आणि त्याच्याही शोषणात दुधातलेच कॅल्शियम व केसीन हे प्रथिन आड येतात. जन्मतः शरीरात साठलेले लोह साधारणतः ४ ते ६ महिने पुरते. वर्षाच्या आतील बाळाला गाईचे वरचे दूध हेच मुख्य अन्न म्हणून दिल्यास काही बाळांत आतड्यातून नकळत थोडे रक्तही जाते. असे मूल गुबगुबीत दिसते, वजनही वयाप्रमाणे भरते. पण खालची पापणी ओढून पाहिली की आतला भाग फिकट असतो; ही रक्तक्षयाची खूण. दुधानेच पोट भरल्याने ते घास नाकारते आणि घरच्यांना ते ‘दूध छान पितं’ एवढेच जाणवते.

गुणसंवर्धनाचा इतिहास लोहापासून नव्हे, तर मुडदुसापासून (ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडे मऊ होऊन वाकणे) सुरू होतो. ब्रिटिश संशोधक एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास कुत्र्यांच्या पिलांवरील प्रयोगांतून मुडदूस आहाराशी जोडला. अमेरिकन संशोधक हॅरी स्टीनबॉक व ॲल्फ्रेड हेस यांनी १९२४ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले, की जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण दिल्यास अन्नात मुडदूसरोधक गुण येतो. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात तीन पद्धती चालू होत्या : गाईंना किरणित यीस्ट चारणे, दुधालाच किरण देणे व ड जीवनसत्त्वाचा अर्क मिसळणे. पुढे तिसरीच टिकली.

ब्रिटनमध्ये दूधभुकटी, तृणधान्ये व कॉड माशाचे तेल या सर्वांतून ड जीवनसत्त्व पोचत असे. १९५० नंतरच्या दशकात तेथे काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याचे आढळले आणि १९५७ मध्ये प्रमाण घटवण्यात आले. दोष जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचाच होता का, याविषयी मतभेद आहेत. त्यांतील काही बाळांना १९६१ मध्ये वर्णिलेला विल्यम्स विकार (एक जन्मजात जनुकीय विकार) असावा, असे एक मत आहे. ड जीवनसत्त्वाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाच्या जनुकातील दोष २०११ मध्ये रक्तातील कॅल्शियम असे वाढलेल्या काही बाळांत सापडला. त्यामुळे नेहमीची मात्रा बहुतेकांना सोसते, मोजक्या बाळांना बाधते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे वाटते. तरीही अनेक पदार्थांतून मिळणाऱ्या मात्रांची बेरीज पाहावी, हा त्यातून मिळालेला धडा कायम आहे.

लोह मिसळणे तांत्रिक दृष्ट्या अवघड आहे. फेरस सल्फेट हे लोहाचे संयुग स्वस्त व सहज शोषले जाणारे. पण ते दुधातील स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण वाढवते व दुधाला खवट वास येतो. म्हणून फेरस बिसग्लायसिनेट किंवा अतिसूक्ष्म फेरिक पायरोफॉस्फेट ही लोहाची दुसरी संयुगे वापरतात. जोडीला क जीवनसत्त्व घातल्यास शोषण वाढते, मात्र ते उष्णतेने नष्ट होते. त्यामुळे भुकटी उकळत्या पाण्यात कालवणे नुकसानीचे. अ जीवनसत्त्व प्रकाशाने घटते, म्हणून अपारदर्शक वेष्टन बरे.

चिलीच्या शासकीय पूरक आहार योजनेत लोह, जस्त व क जीवनसत्त्व घातलेली दूधभुकटी दिली जाते. अशा दुधाने लहान मुलांतील रक्तक्षय घटल्याचे चिली व मेक्सिकोतील अभ्यासांत दिसते. जस्ताचा वेगळा परिणाम दाखवणे अवघड जाते, कारण ते बहुधा लोहाबरोबरच दिलेले असते.

पहिले ६ महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. १२ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी विकली जाणारी ‘पुढील टप्प्याची’ दुधे द्यावीत, अशी शिफारस ही संघटना करत नाही. वर्षानंतर दूध दिवसाला सुमारे अर्ध्या लिटरपर्यंत ठेवावे, म्हणजे घन आहाराला भूक राहते. शेळीच्या दुधात फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व फार कमी असते. केवळ त्यावर वाढलेल्या बाळांत मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा रक्तक्षय होतो; तो लोहाने बरा होत नाही.