डबीवरचं नाव आणि कोळ्याची कात

जर्मनीत राहणारा माझा एक मित्र कोळी पाळतो. गेल्या महिन्यात त्याने फोटो पाठवला. प्लास्टिकची डबी, आत ओलसर माती, बाहेर चिकटपट्टीवर लिहिलेलं 'सायक्लोकॉस्मिया रिकेटी'. विकणाऱ्याने सांगितलं होतं की कोळी व्हिएतनामचा आहे. नाव मात्र चीनमधल्या प्रजातीचं.

हा कोळी जमिनीत बीळ करून त्याला रेशीम-मातीचं झाकण बसवतो. पोटाची मागची बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट, तिच्यावर कडक गोल चकती आणि चकतीवर उंचवटे-खाचांची नक्षी. कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी बिळात आली, की हा डोकं खाली घालून अरुंद तळाशी जातो आणि चकतीचं बूच मारतो. समाजमाध्यमांवर या चकतीला 'प्राचीन मुद्रा' म्हणून फिरवतात. तिच्यात मुद्रा नाही, संकेत नाही, गुप्तधनाची खूण तर मुळीच नाही. ती जीव वाचवणारी ढाल आहे, आणि मला तेवढंच पुरेसं विलक्षण वाटतं.

नावाचा घोळ जुना आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1901 मध्ये चीनमधून ही 'रिकेटी' प्रजाती नोंदवली आणि पुढची शंभर वर्षं आशियातला चकतीवाला कोळी म्हटलं की हेच नाव पुढे यायचं. 2005 मध्ये थायलंडमधून दोन नव्या प्रजाती आल्या, 2006 मध्ये 'लॅटुसिकोस्टा' आली. त्या नावाचा अर्थच 'रुंद फासळ्यांचा'. बाजारातल्या चिकटपट्ट्यांवर मात्र जुनंच नाव राहिलं. चकतीवरच्या फासळ्या, म्हणजे ते उंचवटे, मोजून ओळख पटवता येते, पण तिरप्या उजेडात, माती चिकटलेल्या चकतीच्या फोटोवरून मोजलेला आकडा मी तरी मानत नाही.

खरी साक्ष कातेत असते. कोळ्याचा सांगाडा बाहेरून असतो हे आपण शाळेत शिकलो. पण तो शरीराच्या छिद्रांतून आतही वळतो, सदऱ्याच्या खिशाच्या अस्तरासारखा. मादीच्या शुक्रधानीला, म्हणजे नराचं वीर्य साठवण्याच्या पिशव्यांनाही असंच अस्तर असतं. बहुतेक कोळी प्रौढ झाले की कात टाकणं थांबवतात. झाकणवाल्या कोळ्यांच्या आणि टॅरँटुलांच्या, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांच्या, माद्या मात्र पुढेही टाकत राहतात. कातेबरोबर ते अस्तरही उतरतं, साठवलेलं वीर्यही जातं, आणि मादीला पुन्हा नर लागतो.

कोरडी कात हाताळली तर भुगा होतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ती भिजवायची, मग मऊ कुंचल्याने पोटाची कातडी उलगडायची. फिकट रंगाचे चार चौकोनी ठिपके दिसतात, ती पुस्तक-फुप्फुसं, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेली श्वसनेंद्रियं. पुढच्या जोडीच्या मधोमध एक आडवी चीर असते. तिच्या आतल्या बाजूला, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन इवले कोंब उभे दिसतात. त्यांचा देठ किती, टोकाचा गोळा केवढा, यावरून प्रजाती वेगळ्या करतात. नराच्या कातेत हे कोंब नसतातच.

झाकणवाल्या कोळ्यांना इंग्रजीत म्हणतात तो 'ट्रॅपडोअर' हा शब्दही फसवा आहे, कारण झाकण करणं ही सवय आहे, कूळ नव्हे. दक्षिण आफ्रिकेतला निळ्या पायांचा 'इडिओथेले मिरा' झाकण करतो, पण तो टॅरँटुला आहे. कोनोथेले आणि उमिडिया या झाकणवाल्या कोळ्यांच्या वंशांच्या तिसऱ्या पायाच्या नळीवर खोगिरासारखी खोबण असते. आपल्या मुंबईच्या नावाचा 'इडिओप्स बॉम्बेएन्सिस' ज्या वंशातला, त्या वंशात डोळ्यांची एक जोडी बाकीच्यांपासून पार पुढे सरकलेली असते. भिंगाने एवढं पाहिलं, तरी निम्मा घोळ मिटतो.

मित्राने डबीतली जुनी कात शोधून भिजवली. कोंब दिसले नाहीत. नर असेल, किंवा अजून वयात न आलेली मादी. मग त्याने चिकटपट्टी खरवडून पेन्सिलने लिहिलं, 'सायक्लोकॉस्मिया, प्रजाती अनिश्चित, व्हिएतनाम'. पुढची कात तो जपून ठेवणार आहे.