उन्हाळी दिनचर्या, खानदेशातील

चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंत ऊन बाधू नये म्हणून खानदेशात पाळल्या जाणाऱ्या खाण्यापिण्याच्या, कामाच्या, पेहरावाच्या व झोपेच्या सवयी. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे हे त्यांचे मुख्य क्षेत्र. बागलाण व मालेगावकडचा भाग त्याला जोडूनच येतो. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांमधील तापीचे खोरे सखल व कोरडे असल्याने एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ, जळगाव या भागांत पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढणे नवलाचे नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा ४५ अंशांवर पोचेल, तेव्हा उष्णतेची लाट मानतात. जेथे ४२ अंश ही नेहमीचीच गोष्ट, तेथे लाट जाहीर नसलेले दिवसही अंगावर येतात. लोकांचे वेळापत्रक म्हणूनच घोषणेची वाट पाहत नाही.

उगमाविषयीचे मतभेद : या सवयी आयुर्वेदातील ऋतुचर्येतून लोकजीवनात उतरल्या, असे एक मत आहे. त्याला आधार म्हणून दोन ग्रंथ पुढे केले जातात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ग्रीष्मात दिवसा थंड घरात व रात्री वारा लागेल अशा गच्चीवर झोपावे, असे सांगितले आहे. खानदेशातील धाब्यावरच्या (घराच्या मातीच्या सपाट छपरावरच्या) झोपेशी त्याचे साम्य उघड आहे. अष्टांगहृदयाच्या तिसऱ्या अध्यायात नव्या मृण्मय भांड्यात ठेवलेले आंबटसर पानक (सरबत) पिण्यास सांगितले आहे, त्याचा संबंध माठाशी व पन्ह्याशी जोडतात. या ग्रंथांचे काळ निश्चित नाहीत. चरकसंहितेचा मूळ भाग ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे व दृढबल या वैद्याचे संस्करण चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास मानले जाते, तर अष्टांगहृदयाचा काळ बहुधा सातवे शतक. अष्टांगसंग्रह व अष्टांगहृदय यांचा कर्ता एकच वाग्भट की दोन, हा वाद मिटलेला नाही. प्रस्तुत विषयाला त्याने फरक पडत नाही, एवढेच येथे नोंदवणे पुरेसे.

फरक पडतो तो मिठाने. दोन्ही ग्रंथ ग्रीष्मात खारट, आंबट व तिखट रस आणि व्यायाम टाळावयास सांगतात. पानकातील आंबटपणा हा त्याला अपवाद म्हणता येईल. मीठ व तिखट यांना तशी सवलत नाही. खानदेशी शेतकरी मात्र भर वैशाखात मीठ घातलेले पन्हे व ताक पितो, भाकरीबरोबर ठेचा खातो आणि खरिपापूर्वीची नांगरट, वखरणी याच दिवसांत उरकतो. बागायती कपाशीची लागवडही मेअखेरीस सुरू होते. अंगाला चंदनाची उटी लावून विश्रांती घेणारा ग्रंथातला पुरुष आणि ढेकळांत राबणारा कुणबी यांची गरज एक नव्हे. त्यामुळे निदान आहाराच्या बाबतीत, या सवयी कामाच्या व कोरड्या हवेच्या गरजेतून स्वतंत्रपणे घडल्या आणि शास्त्राचा आधार त्यांना मागाहून दिला गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. झोपेबाबत साम्य असले, तरी गच्चीवर झोपायला कोणालाही ग्रंथ लागत नाही.

पाणी व मीठ : १ लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. खानदेशातील हवा उन्हाळ्यात अतिशय कोरडी असल्याने घाम चटकन उडतो व अंग ओले दिसत नाही; त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज चुकतो. घामाबरोबर सोडियमही जाते. नुसते पाणी खूप प्याल्याने ते भरून येत नाही, उलट रक्तातील त्याचे प्रमाण आणखी उतरू शकते. उकडलेल्या वा भाजलेल्या कैरीच्या पन्ह्यात गूळ व मीठ दोन्ही असतात आणि आतड्यातून सोडियम व ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या जलसंजीवनीत १ लिटर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पन्ह्याचे प्रमाण घरोघरी निराळे, गोडीही बरीच जास्त. जुलाबांत ते जलसंजीवनीच्या जागी देऊ नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. माठ व रांजण यांतील पाणी झिरपून, उडून थंड होते. वाळ्याच्या ताट्या व कूलर याच तत्त्वावर चालतात आणि पावसाळी दमट हवेत निरुपयोगी ठरतात.

पेहराव : पुरुषांचे पांढरे उपरणे वा रुमाल, स्त्रियांचा डोक्यावरून घेतलेला पदर, दुचाकीवरील मुलींनी तोंडाभोवती गुंडाळलेली ओढणी. हवा त्वचेपेक्षा तापलेली असेल, तेव्हा वारा अंगाला उष्णता देतो. कान-नाक झाकण्यामागे हेच कारण आहे. अंग ओले नसेल, तर हवा ४० अंशांवर गेली की पंख्याचाही उपयोग होत नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीला आधार नाही.

घर व झोप : जाड मातीच्या भिंती व लाकडी कड्यांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेले धाबे दिवसाची उष्णता उशिरा आत सोडतात. दुपारी खोली थंड राहते आणि ती उष्णता रात्री आत उतरू लागते, तोवर माणसे बाजा घेऊन धाब्यावर वा अंगणात गेलेली असतात. सिमेंटच्या पातळ स्लॅबला हे साधत नाही. शेतातले काम भल्या पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवतात. दुपारी बाजारपेठही सुस्तावते.

आखाजी : अक्षय्य तृतीयेस पितरांसाठी पाण्याची घागर भरतात व वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवतात. त्याआधी पिकलेला आंबा न खाण्याचा रिवाज अनेक घरांत आहे. कैरीला तो लागू नाही. पितरांना घागर दिल्यावरच घरचा नवा माठ वापरात काढण्याची रीत काही ठिकाणी पाळतात. उन्हाळ्यात भाकरी बहुधा ज्वारीची, विशेषतः दादर या ज्वारीच्या स्थानिक प्रकाराची. बाजरी हिवाळ्याची मानली जाते.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास या रुग्णांच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व तीव्र वेदना सुरू होतात. उन्हाळ्यात वारंवार पाणी पिणे हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग आहे.

उष्माघात : शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन बडबड, गोंधळ वा बेशुद्धी दिसल्यास तो उष्माघात समजावा. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घालावा व तातडीने दवाखान्यात न्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पन्हे अथवा पाणी घालू नये. कांद्याचा रस तळपायांना चोळण्याची रीत आहे. त्यात वेळ जातो.