विदर्स, बिल
विदर्स, बिल : (४ जुलै १९३८ – ३० मार्च २०२०). सोल (चर्चमधील गायन व ब्लूज यांतून घडलेली कृष्णवर्णीयांची संगीतशैली) गाणारे अमेरिकन गायक व गीतकार. जन्म वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणकामगारांच्या वस्तीत. बालपण बेकली गावात गेले. बोलताना ते अडखळत. तेराव्या वर्षी वडील वारले. आजीचा त्यांना फार लळा होता. चर्चमधल्या तिच्या टाळ्या आणि खंजिरी पुढे ‘ग्रँडमाज हँड्स’ या गाण्यात उतरल्या.

नौदलात नऊ वर्षे काढून १९६७ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. विमानांची शौचालये बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करायची आणि पगारातून पैसे साठवून गाणी ध्वनिमुद्रित करायची, असा क्रम होता. ‘जस्ट ॲज आय ॲम’ (१९७१) हा पहिला अल्बम आला तेव्हा त्यांचे वय ३२ होते. मुखपृष्ठावर ते कारखान्यापाशी उभे आहेत, हातात जेवणाचा डबा. छायाचित्र मधल्या सुट्टीत काढलेले. याच अल्बममधल्या ‘एन्ट नो सनशाइन’ने त्यांना पहिले ग्रॅमी मिळवून दिले. या जेमतेम दोन मिनिटांच्या गाण्यात ‘आय नो’ हे दोनच शब्द सलग २६ वेळा येतात. तिथे खरे तर कडवे लिहायचे राहिले होते. निर्माते बुकर टी. जोन्स आणि साथीदारांनी ते तसेच ठेवायला लावले, आणि तीच जागा ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडते.

‘लीन ऑन मी’ (१९७२) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. एकमेकांच्या अडीनडीला धावणारे त्यांच्या लहानपणचे शेजारी त्यामागे आहेत. चाल पियानोच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून चढते-उतरते : सा रे ग म, म ग रे सा. पेटीवर पहिला धडा गिरवणाऱ्यालाही ती वाजवता येईल. इतक्या साध्या सुरावटीतून एवढे मोठे गाणे उभे करणे, ही विदर्स यांची खरी ताकद. त्यांचा आवाजही तसाच, समोर बसून बोलल्यासारखा. ‘लव्हली डे’च्या (१९७७) शेवटी मात्र ते एकच सूर तब्बल १८ सेकंद धरतात.

१९७५ पासून ते कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीकडे होते. तिथल्या अधिकाऱ्यांशी त्यांचे कधीच जमले नाही. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन धाकटे यांच्यासह केलेले ‘जस्ट द टू ऑफ अस’ (१९८१) गाजले, त्यालाही ग्रॅमी मिळाले. १९८५ च्या अल्बमनंतर मात्र त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवले आणि ते पुन्हा या धंद्यात परतले नाहीत. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडर यांच्या हस्ते त्यांचा समावेश झाला. लॉस एंजेलिस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. करोनाच्या त्या दिवसांत लोक एकमेकांना धीर देण्यासाठी ‘लीन ऑन मी’च गात होते.