चाल : पटावरची आणि पायाची

मराठीत ‘चाल’ हा शब्द खेळातल्या खेळीलाही लागतो आणि माणसाच्या चालण्यालाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अमळनेर तालुक्यातील आमच्या घरी पलंगावर पडून असताना पहिली चाल सुधारण्याच्या नादात माझी दुसरी चाल बिघडली. हे कसे घडले याचा शोध घेताना शरीरविज्ञानातील काही गोष्टी नव्याने समजल्या, आणि त्यांतील निदान दोन तरी अशा आहेत की त्या आधी कळल्या असत्या तर माझे तीन आठवडे वाचले असते.

भाद्रपदात कपाशीच्या शेतातून बांधाकडे येताना काळ्या मातीच्या चिखलात उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत रुतला, अंग डावीकडे वळले आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. पाऊल जागीच अडकलेले आणि वरचे शरीर फिरलेले, ही स्थिती एसीएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अस्थिबंधाला सर्वांत घातक असते. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा हा दोर आहे. आपल्याकडे त्याला ‘लिगामेंट तुटले’ एवढेच म्हणतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, माझ्याच मांडीच्या मागच्या बाजूची एक कंडरा काढून तिचा नवा दोर हाडांत बसवण्यात आला आणि वॉकर, ब्रेस व व्यायामाचा कागद घेऊन मी घरी आलो.

घरी वेळ भरपूर होता. भाच्याने त्याचा लॅपटॉप आणून दिला आणि त्यावर ‘सिव्हिलायझेशन’ सुरू करून दिले. सिड मायर यांच्या नावाशी जोडलेली ही खेळांची मालिका १९९१ पासून चालत आली आहे. एका वस्तीपासून सुरुवात करून नगरे वसवायची, शेती वाढवायची, शेजारी राज्यांशी तह किंवा युद्ध करायचे, आणि हे सारे आळीपाळीने, एकेका चालीने करायचे, असा हा खेळ. पायाखाली दोन उशा, मांडीवर लॅपटॉप, आणि बघता बघता दुपारचे तीन वाजत. दुखणे जाणवत नसे. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने पाय पलंगावर सरळ ठेवायला सांगितला, तेव्हा गुडघ्याच्या मागे त्यांची चार बोटे सहज सरकली. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता.

दोष उशांचा होता. सुजलेला गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत सर्वांत सुखावतो, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत द्रवाला जागा जास्त मिळते आणि आतला दाब कमी होतो. उशी गुडघ्याखाली घेतली की आराम वाटतो तो यामुळेच. परंतु तासन्‌तास त्याच स्थितीत राहिल्यास सांध्यामागील ऊती आखडू लागतात आणि सरळपणाचे शेवटचे काही अंश हातचे जातात. ते अंश परत मिळवणे वाकवण्याचे अंश मिळवण्यापेक्षा पुष्कळदा अधिक जिकिरीचे असते, आणि ते गेले की माणूस लंगडतो. म्हणून उशी टाचेखाली घ्यावी, गुडघा अधांतरी राहू द्यावा, म्हणजे पायाच्या वजनानेच तो हळूहळू सरळ होतो, असे कागदावर स्पष्ट लिहिले होते. कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता आणि मी खेळत होतो.

सुजेचा दुसरा परिणाम याहून चमत्कारिक आहे. निरोगी माणसाच्या गुडघ्यात निर्जंतुक मिठाचे पाणी सोडून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अवघे २० ते ३० मिलिलिटर पाणी, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात तळाशी उरावे एवढे, मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आतील भागाला मंद करण्यास पुरे होते. अशा प्रयोगांना १९६० च्या दशकातच सुरुवात झाली होती. तेथे वेदना हे कारण नसते. सांध्याच्या आवरणातील चेतातंतू ताणले जातात, ते मज्जारज्जूला संदेश पाठवतात, आणि मज्जारज्जू मांडीच्या स्नायूकडे जाणारा हुकूम वाटेतच दाबून टाकतो. माणूस मनापासून मांडी आवळू पाहतो आणि मांडी हलत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्ण ‘जोरच लागत नाही’ म्हणतो तेव्हा तो आळशी नसतो, त्याचा हुकूम खरोखरच पोहोचत नसतो. पाय खाली लोंबकळत ठेवून टेबलापाशी खेळत बसल्यास सूज वाढते, सूज वाढली की स्नायू आणखी गप्प होतो, आणि गप्प स्नायू लवकर झिजतो.

ही झीज किती वेगाने होते, याचे मोजमाप नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. धडधाकट तरुणांचा एक पाय त्यांनी प्लास्टरमध्ये ठेवला. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद, म्हणजे तो आडवा कापल्यास दिसणारा आकार, सुमारे साडेतीन टक्क्यांनी आणि ताकद सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. चौदा दिवसांत हेच आकडे सुमारे आठ आणि तेवीस टक्के झाले. ताकद आकारापेक्षा कितीतरी वेगाने गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण ताकद केवळ स्नायूच्या जाडीत नसते, मेंदूने तो स्नायू वापरण्यातही असते. त्याच वर्षी अमेरिकेतील ओहायोमधून आलेल्या एका अभ्यासाने हे दुसऱ्या बाजूने दाखवले. चार आठवडे मनगट प्लास्टरमध्ये असलेल्या ज्या लोकांनी आपण मनगट जोराने आवळत आहोत अशी नियमित कल्पना केली, त्यांच्या ताकदीतील घट कल्पना न करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मीच होती. प्रयोग मनगटावरचा आहे, गुडघ्यावरचा नाही, तरीही मांडी आवळण्याचा व्यायाम करताना लक्ष मांडीतच ठेवावे, डोळे पडद्यावर ठेवून तो उरकू नये, या फिजिओथेरपिस्टच्या आग्रहाला त्यामुळे अर्थ आला.

आता खेळाची बाजू मांडली पाहिजे, कारण तिच्याकडे निव्वळ व्यसन म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. आमचे शेजारी नाना दररोज संध्याकाळी ओट्यावरून हाक देत, ‘तुना खेय सरना का नई, भाऊ?’ (तुझा खेळ संपला की नाही?) आणि त्यांच्या स्वरात कौतुक नसे. परंतु खेळताना दुखणे कमी जाणवते हा भास नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील एका प्रकारच्या फाटकातून जातात आणि मेंदू वरून ते फाटक ओढून घेऊ शकतो. फाटकाचे तपशील पुढे बदलले, कल्पना टिकली. हॅम्बुर्गमधील संशोधकांनी २०१२ साली स्वयंसेवकांच्या हाताला चटका बसेल एवढी उष्णता दिली आणि त्याच वेळी त्यांना स्मरणशक्तीचे सोपे किंवा अवघड काम करायला लावले. अवघड काम करताना वेदना कमी जाणवलीच, शिवाय मज्जारज्जूच्या चित्रणात तेथील वेदनेशी संबंधित हालचालही कमी दिसली. शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर हा लाभ घटला. म्हणजे अवघड विचारात गुंतलेला मेंदू वेदनेकडे दुर्लक्ष करतो आणि शिवाय आपल्याजवळची वेदनाशामके खाली पाठवून तिला दारातच अडवतो. अमेरिकेत सिएटल येथे भाजलेल्या रुग्णांची ड्रेसिंग बदलताना त्यांना आभासी बर्फाच्या दरीत खेळायला लावण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

डावपेचांचा खेळ या कामाला विशेष लागू पडतो. टीव्हीवरील मालिका पाहताना मन भटकते आणि भटकून गुडघ्यावर येते; धान्याचा साठा, सैन्याची वाटचाल आणि शेजारच्या राजाचा मनसुबा एकाच वेळी ध्यानात ठेवताना मात्र त्याला रिकामी जागा उरत नाही. अशा खेळांनी विचारांची लवचिकता वाढते, असाही दावा केला जातो. ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ चाळीस तास खेळवून केलेल्या २०१३ च्या एका प्रयोगात तसे दिसलेही होते, पण सहभागी थोडे होते आणि मी त्यावर फार भार टाकणार नाही. दुखण्याचा मुद्दा पुरेसा आहे.

अडचण अशी की जे लक्ष वेदनेला दारात अडवते, तेच पाय आखडल्याची, पोटरी जड झाल्याची, पाणी प्यायची वेळ झाल्याची सूचनाही अडवते. वेळेचा अंदाजही लक्षावरच चालतो. लक्ष दुसरीकडे गुंतले की तास लहान वाटतो. त्यात या खेळांची रचनाच अशी असते की प्रत्येक चालीच्या शेवटी काहीतरी अर्धवट राहते: दोन चालींत धान्याचे कोठार पूर्ण होणार असते, तिसऱ्या चालीत जहाज किनाऱ्याला लागणार असते. अर्धवट कामे मनात अधिक टोचत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये नोंदवले होते. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत ते तितके स्पष्ट आढळले नाही, पण रात्री एक वाजता ‘एवढी एकच चाल’ म्हणणाऱ्याला पुराव्याची गरज वाटत नाही.

यातली एक गोष्ट निव्वळ गैरसोयीपुरती राहत नाही. पोटरीचे स्नायू हे शिरांतील रक्त वर ढकलणारे पंप आहेत; ते थांबले की रक्त साचते, आणि शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते. २००३ साली न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी दररोज कित्येक तास संगणकासमोर बसणाऱ्या एका तरुणाच्या पायात गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत गेल्याची नोंद केली. त्याच्यावर तर कोणती शस्त्रक्रियाही झालेली नव्हती. पाऊल वर-खाली हलवण्याचा व्यायाम इतका साधा आहे की तो व्यायाम वाटतच नाही, आणि म्हणूनच सर्वांत आधी तोच विसरला जातो. पोटरी एकाएकी दुखू लागली, सुजली, गरम लागली किंवा धाप लागली, तर खेळ, जेवण, पाहुणे सारे सोडून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

माझी सुटका प्रथम वीज मंडळाने केली. भाच्याच्या लॅपटॉपची बॅटरी जुनी असल्याने वीज गेली की दहा मिनिटांत पडदा काळा होई, आणि त्या अंधारात करण्यासारखे दुसरे काही नसल्याने मी मांडी आवळणे, टाच सरकवणे, पाय सरळ उचलणे असा सारा कागद पुरा करत असे. भारनियमनाच्या दिवशी गुडघा अधिक सरळ असतो, हे फिजिओथेरपिस्टच्या मोजणीत दोनदा लागोपाठ आढळले, तेव्हा मला खेळ सोडण्याऐवजी खेळाचा प्रकार आणि त्यातली विश्रांती बदलावीशी वाटली. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारखे १९९७ पासून लोकप्रिय झालेले खेळ अखंड वाहत्या वेळेत चालतात. त्यांत समोरचा गडी थांबत नाही आणि तुम्ही पाऊल हलवायला थांबलात तर तुमचे गाव जळते. चालीचालीने होणारा खेळ मात्र तुमच्यासाठी दिवसभर थांबून राहतो. म्हणून मी दर दहा चालींनंतर एक संच व्यायामाचा, असा नियम घातला आणि टाचेखाली गोधडीची गुंडाळी ठेवली. संध्याकाळी सुती पंच्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावताना पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा. तेवढा वेळ खेळायला पूर्ण मोकळीक. शेवटचे सरळपणाचे अंश सातव्या आठवड्यात परत आले.

नेमक्या त्याच सुमारास गुडघा सर्वांत फसवा होतो. दुखणे गेलेले, सूज उतरलेली, आणि आतला दोर मात्र सर्वांत कमजोर असतो. आंब्याचे किंवा लिंबाचे कलम बांधतो तेव्हा डोळा जिवंत राहतो आणि फुटतो. गुडघ्यातील कलमाचे तसे नसते. हाडांत बसवलेल्या कंडरेतील बहुतेक मूळ पेशी रक्तपुरवठ्याअभावी मरतात, मागे तंतूंचा सांगाडा राहतो, मग सभोवतालून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी त्यात शिरून जुने तंतू काढत नवे विणू लागतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास हे मोडणे-विणणे ऐन भरात असते. पुढे महिनोन्‌महिने तो दोर अस्थिबंधासारखा होत जातो. नॉर्वे आणि अमेरिकेतील रुग्णांच्या २०१६ च्या एका अभ्यासात, वळणे-उड्या असलेल्या खेळांकडे परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले, तितके दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. डावपेचांच्या खेळात नकाशाचा न पाहिलेला भाग धुक्याने झाकलेला असतो. दुसऱ्या महिन्यातील गुडघा तसाच असतो, आणि तेथे घाईने घोडदळ पाठवणारा हरतो, हे मला पडद्यावर तरी पुरते ठाऊक होते.

नानांचे प्रकरण वेगळे. झिजलेला गुडघा बदलून त्यांना धातूचा सांधा बसवला आहे. तेथे कलम रुजण्याची वाट पाहायची नसते आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले जाते. त्यांची कुरकुर निराळीच आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघा ६० ते ७० अंश वाकतो, जिने चढताना साधारण ९० च्या घरात जातो, आणि उकिडवे बसायला १२० च्याही पुढे जावे लागते. बदललेला गुडघा पहिली दोन्ही कामे चोख करतो. तिसऱ्याला डॉक्टर नको म्हणतात. म्हणून भरिताच्या पार्टीत सारा गोतावळा शेतात पंगत धरून बसलेला असताना नाना खुर्चीवर असतात, आणि ते त्यांना मानवत नाही. मी त्यांच्या मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिले आहे. खुर्चीत बसून ते दर चालीला पाऊल वर-खाली हलवतात. हा नियम मी सांगितला, पण चाल सुचायला त्यांना इतका वेळ लागतो की व्यायाम माझ्यापेक्षा त्यांचाच कमी होतो.

नवव्या महिन्यात माझी चाचणी झाली. एका पायावर उडी मारून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले, यंत्रावर मांडीचा जोर पाहिला. उजवी बाजू अजून डावीच्या मागे आहे, म्हणून पेरणीच्या वेळी ओल्या रानात उतरू नये असे सांगितले आहे. भाच्याने लॅपटॉप परत नेला. नाना आता माझ्याच ओट्यावर येऊन बसतात.