निफाडचा पारा आणि जमिनीलगतची थंडी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर वसले आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर आहे. उंच जागी थंडी जास्त, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तरीही डिसेंबर-जानेवारीत राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी वारंवार निफाडची असते आणि तिच्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदीचा उल्लेख असतो. हे कोडे नीट उलगडले, तर थंडीच्या लाटेचा इशारा आपल्याला नेमके काय सांगतो आणि त्याच्या आकड्यात काय मावत नाही, हेही समजते.

थंडीच्या रात्री मोकळ्या अंगणात आणि झाडाखाली अशा दोन दुचाकी उभ्या केल्या, तर पहाटे मोकळ्या जागेतील गाडीची सीट दवाने चिंब झालेली असते आणि झाडाखालची जवळजवळ कोरडी. दोन्हींभोवतीची हवा तीच, रात्रही तीच. फरक पडतो तो माथ्यावर काय आहे याने. सूर्य मावळला की जमीन, पत्रा, पाने, सीट अशी प्रत्येक वस्तू आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. वर ढग, दमट हवा किंवा झाडाचा विस्तार असेल, तर त्यातील बराच भाग परत खाली येतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर त्यातील फार थोडी उष्णता परतते. त्यामुळे उघड्यावरची सीट भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि हवेतील बाष्प तिच्यावर दव होऊन बसते.

हिवाळ्यात आपल्याकडे अशा रात्री येतात त्या बहुधा पश्चिमी विक्षोभाच्या मागोमाग. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी ही वादळी प्रणाली हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकली, की उत्तरेचे कोरडे, गार वारे मध्य प्रदेश ओलांडून खानदेश, विदर्भ आणि नाशिकपर्यंत उतरतात. मग वारा पडतो, आकाश स्वच्छ होते आणि जमिनीलगतची हवा झपाट्याने गार होऊ लागते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. निफाड तालुका गोदावरी आणि कादवा यांच्या खोऱ्यात आहे. उलट महाबळेश्वरच्या माथ्यावरची गार हवा उताराने खाली निघून जाते. म्हणूनच महाबळेश्वर गावात पारा काही अंश वर असतानाही जवळच्या वेण्णा तलावाच्या सखल परिसरात दवबिंदू गोठलेले दिसतात. गाव आणि तलाव यांच्यात अंतर अवघे दोन-तीन किलोमीटरचे आहे, पण थंडीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा आहेत.

बातमीतील तापमान मोजले जाते ते झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. ही पद्धत योग्यच आहे, कारण सगळीकडे एकाच रीतीने मोजल्याशिवाय गावागावांची किंवा वर्षावर्षांची तुलना करता येणार नाही. नाशिकची १९४५ च्या जानेवारीतील ०.६ अंशाची किंवा पुण्याची १९३५ च्या जानेवारीतील १.७ अंशांची नोंद आजच्या नोंदींशेजारी ठेवता येते ती या शिस्तीमुळेच. मात्र निरभ्र, शांत रात्री जमिनीचा पृष्ठभाग त्या पेटीतील हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार असू शकतो. पेटीत ४ अंशांची नोंद होत असताना गवताच्या पात्यावर दव गोठू शकते ते यामुळेच. जो माणूस जमिनीवर झोपतो, त्याची थंडी ही बातमीतील थंडी नसते.

आता इशाऱ्याकडे वळू. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते त्या काळातील सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी घसरले असेल, तर ती थंडीची लाट ठरते. घसरण त्याहून मोठी असेल तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताच लाट मानतात, आणि २ अंशांवर किंवा त्याखाली तीव्र लाट. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा आहे. याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गावाची जानेवारीतील सरासरीच १० अंशांच्या आसपास आहे, तिथे पारा साडेपाचपर्यंत उतरल्याशिवाय लाट म्हणता येत नाही. तिथली ७ अंशांची पहाट व्याख्येत बसत नाही. पण कुडकुडणाऱ्या शरीराला सरासरी ठाऊक नसते. हा व्याख्येचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा, हे खरेच आहे. पण हिरवा रंग पाहून उघड्यावर राहणाऱ्यांनी निर्धास्त व्हावे, असा त्याचा अर्थ घेऊ नये.

उघड्यावर राहणारे कोण, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ऊसतोडीचा हंगाम नेमका थंडीतच असतो. फडाजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, तान्ही मुले असतात आणि त्यांची आई पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन निघते. लहान बाळाचे वजन कमी, पण त्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त, त्यामुळे त्याचे अंग मोठ्या माणसापेक्षा वेगाने गार होते. त्यातही डोके उघडे असेल तर फारच. अशा बाळाला वरून चार पांघरुणे घालण्याआधी अंगाखाली उसाच्या पाचटाचा जाड थर आणि त्यावर गोधडी घालावी, कारण जमीन खालून उष्णता ओढून घेत असते. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून दोघांना पांघरूण घेणे, ही सर्वांत खात्रीची ऊब आहे.

तसेच रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याचे. दारे धरताना, म्हणजे पाटाचे पाणी वाफ्यांत वळवताना, पाय तासन्‌तास पाण्यात असतात, आणि पाणी शरीराची उष्णता स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. गमबूट आणि सोबत कोरड्या कपड्यांचा एक जोड, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की बोलणे अडखळते, हात ऐकेनासे होतात, माणूस गोंधळतो. या अवस्थेत हुडहुडी थांबली तर बरे वाटू लागले असे समजू नये. ते प्रकृती बिघडत असल्याचे लक्षण आहे. दारूने अंग तापल्यासारखे वाटते, कारण त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात; प्रत्यक्षात त्याच वाटेने आतली उष्णता बाहेर पडते.

पण ज्या धोक्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तो बंद दाराआड आहे. कोळशाची शेगडी घरात घेऊन दारे-खिडक्या लावून झोपण्याची पद्धत अजून गेलेली नाही. फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू त्यांतूनच मोठ्या प्रमाणात निघतो आणि त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. मग काय होते आहे हे उमगेपर्यंत पायांतील बळ गेलेले असते आणि दार चार पावलांवर असूनही गाठता येत नाही. झोपेत असलेल्याला तर डोकेदुखीही कळत नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर हा त्याच धोक्याचा शहरी अवतार आहे. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून अंघोळीला बसावे. शेगडीवर शेकायचे ते दार उघडे ठेवून, सगळे जागे असताना. आणि झोपण्याआधी शेगडी उचलून अंगणात ठेवावी, निखारे विझल्यासारखे दिसत असले तरीही.